ड्यूटी लिस्ट कोण लावतं? (नर्सिंगमधला आपसातला छळ)

रातपाळी
इथे मी एरवी पाककृती आणि भटकंती वाचून गुपचूप निघून जाते. आज लिहितेय, कारण आठ दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलेय आणि एक ओळ सोडून काही सुचत नाहीये.

मी एका खाजगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे, सरकारी भाषेत परिसेविका. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून लागले त्याला १९ वर्षं झाली, इनचार्ज होऊन दीड. मेट्रन मॅडमनी (आमच्या सगळ्या नर्सिंग स्टाफच्या प्रमुख) बोलावून सांगितलं, "स्टाफमध्ये आपसात जे चालतं त्याच्यावर एक पॉलिसी लिहून दे, मॅनेजमेंटला द्यायचीय." निमित्त असं की वर्षभरात माझ्या वॉर्डातून सात नव्या मुली सोडून गेल्या आणि सातही जणींनी राजीनाम्यात एकच कारण लिहिलं, घरगुती.

मला कारण माहीत आहे. मागच्या महिन्यात दुपारी दीडच्या सुमाराला चादरी काढायला लिननच्या खोलीत गेले, तर आमची सगळ्यात नवी मुलगी गठ्ठ्यावर बसून डबा खात होती. भाकरी आणि शेपू. मला बघून घास तसाच हातात धरून उभी राहिली. पॅन्ट्रीत का नाही बसलीस विचारलं, तर म्हणाली, "तिथे जागा नसते." पॅन्ट्रीत पाच खुर्च्या आहेत आणि जेवायला एका वेळी तिघीच असतात. मग दोन दिवस मी मुद्दाम बघितलं. ही दारात आली की कुणीतरी रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवतं. बोलत कुणी काही नाही.

त्याच आठवड्यात दुसरं घडलं. एका पेशंटच्या मुलाने घरून इन्सुलिनची कार्ट्रिज आणली, पेन घरीच राहिलं. कार्ट्रिज १०० ची असते, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट. आमच्या वॉर्डात वायल (इन्सुलिनची बाटली) ४० ची, त्यामुळे ट्रॉलीत सिरिंजही लाल टोपीची ४० चीच. ही मुलगी त्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरत होती. म्हणजे १० ऐवजी २५ युनिट गेलं असतं. मी शेजारी औषधांचं कपाट लावत होते म्हणून दिसलं, नाहीतर काय झालं असतं ते नर्सिंगवाल्यांना सांगायला नको. शंका आली नव्हती का विचारलं. म्हणाली, "आली होती, पण मागच्या वेळी विचारलं तेव्हा सिस्टरनी राऊंडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, ह्या बीएस्सीवाल्या, ह्यांना आधी सिरिंज धरायला शिकवा." त्या राऊंडला मीही होते.

आमच्याकडे कुणी कुणाला मारत नाही, शिव्या देत नाही. ओव्हर (ड्यूटी बदलताना पुढचीला पेशंटची माहिती) देताना निम्मं सांगायचं आणि मग राहिलेल्या निम्म्यावरून पकडायचं. फुटलेल्या थर्मामीटरची ब्रेकेज नवीच्या नावावर टाकायची. तिने लिहिलेल्या नोट्सचा फोटो ग्रुपवर टाकून खाली हसरे चेहरे. सलग नाईट लावायच्या, त्याही दिवाळीत, आणि ऑफ मागितला की "आम्ही नाही केलं का?"

आतापर्यंत पॉलिसीत मी एवढंच लिहिलंय: "सर्व कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी सन्मानाने वागावे." इथे कुणी नर्सिंगमधलं, एचआरमधलं, वकिलीतलं असेल तर सांगा, पुढे काय लिहू?

चाफेकळी
खुर्चीवर पर्स. वाचून पोटात गोळा आला. मी बँकेत आहे, पण ही पर्स मला ओळखीची आहे. वाचतेय.

मिलिंद_ब्रदर
ताई, मनातलं लिहिलंत. मी पुरुष नर्स. आमचा छळ वेगळ्या चालीचा. "ब्रदर, जरा उचला", "ब्रदर, कॅथेटर", "ब्रदर, नातेवाईक भांडतायत, तुम्ही बोला". दोन वॉर्डांचे जड पेशंट माझ्या अंगावर आणि वर माझ्यामागे चर्चा, ह्याला डॉक्टरकीला नंबर लागला नाही वाटतं. तक्रार केली तर "बायकांच्यात काम करायचं तर एवढं चालायचंच." पॉलिसीत फक्त 'भगिनी' लिहू नका एवढी विनंती.

शिस्तप्रिय
थोडं कडू बोलतो. माझी आई ३४ वर्षं सिव्हिलमध्ये स्टाफ नर्स होती. तिच्या सीनियरनी तिला रडवलं म्हणूनच ती घडली असं ती स्वतः सांगते. आयसीयूत चुकीला माफी नाही. आजकालच्या मुलींना कुणी आवाज चढवला की लगेच छळ. उद्या पेशंटचं हृदय बंद पडून तो अरेस्टमध्ये असताना "कृपया अ‍ॅड्रेनालिन देता का" म्हणायचं का?

रातपाळी
शिस्तप्रिय, अरेस्टमध्ये मीसुद्धा ओरडते आणि नंतर कुणी मनावर घेत नाही. ज्या मुलीबद्दल लिहिलंय तिच्यावर कुणी ओरडलेलंच नाही. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं असं मला वाटायला लागलंय.

निवृत्त_अधिसेविका
मी सरकारी सेवेत ३६ वर्षे होते. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले, अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाले. शिस्तप्रिय, तुमच्या मातोश्रींच्या काळातलीच मी आहे. आम्ही प्रोबेशनर असताना होस्टेलमध्ये सीनियर आली की उठून उभे राहायचे, तिची कॅप स्टार्च करून द्यायची, तिच्या बादलीत गरम पाणी आधी. आम्ही घडलो हे खरे. पण आमच्या बॅचच्या ज्या दोघी पहिल्या वर्षीच गावी परत गेल्या त्यांना कुणी विचारले नाही, तुम्ही कशा घडलात. जे टिकतात तेच पुढे जाऊन सांगतात की त्रासाने माणूस घडतो.

रातपाळी, आता तुला एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या वॉर्डची ड्यूटी लिस्ट कोण लावतं?

रातपाळी
मॅडम, सही माझी असते.

निवृत्त_अधिसेविका
सही कुणाची ते विचारले नाही बाळ.

रातपाळी
(दोन दिवस लॉगिन केलं नाही, खरं सांगायचं तर मुद्दामच.)

लावते आमची सगळ्यात सीनियर स्टाफ, तिला इथे 'क्ष' म्हणते. मी इनचार्ज झाले तेव्हा ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी जुनी होती. तिला डावलून मला केलं, कारण माझं पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची बीएस्सी) झालेलं आणि तिचं नाही. तिचं मन राखायला म्हणून मी म्हटलं, लिस्ट तुम्ही लावा, तुम्हाला सगळ्यांच्या अडचणी माहीत असतात. तेव्हापासून दर महिन्याच्या २५ तारखेला ती लिस्ट आणून ठेवते, मी सही करते. काल पहिल्यांदा मागच्या सहा महिन्यांच्या लिस्ट काढून नाईट मोजल्या. नव्या मुलीच्या ६१. क्षच्या चौदा. क्षच्या पॅन्ट्रीतल्या दोन मैत्रिणींच्या एकोणीस आणि बावीस.

राऊंडमध्ये सिरिंजवरून बोलली ती क्षच. आणि मी तेव्हा काय केलं? बहुतेक हसले. सगळेच हसले होते.

चाफेकळी
हे लिहायला धीर लागतो. +१

निवृत्त_अधिसेविका
आता तुझी पॉलिसी सुरू झाली. सन्मानाने वागावे हे वाक्य खोड. मी काय केले ते सांगते, घ्यायचे तर घे.

एक, लिस्ट भिंतीवर. नुसती चालू महिन्याची नाही, शेजारी मागच्या तीन महिन्यांची बेरीज: नाव, नाईट किती, रविवार किती, सणाचे दिवस किती. बाकी काही बोलायचे नाही. पहिल्या महिन्यात माझ्याकडे चौघी भांडायला आल्या आणि चौघीही कमी नाईटवाल्या होत्या!

दुसरे, ओव्हर टेबलाशी नाही, पलंगाशी. दोघींनी मिळून पेशंटजवळ उभे राहायचे, ड्रिप बघायची, ड्रेन बघायचा, चार्ट तिथेच वाचायचा. पेशंट ऐकत असतो, नातेवाईक ऐकत असतो, निम्मे गाळायला जागाच उरत नाही. वेळ जास्त लागतो अशी ओरड झाली. आठवडाभर लागतो, मग लागत नाही.

आणि गोपनीय अहवाल एकटीने लिहायचा नाही. ज्या परिसेविकेचा आणि त्या स्टाफचा खटका उडालेला आहे तिथे मी सहायक अधिसेविकेला सोबत बसवत असे. नियमात होते का? नव्हते. कुणी अडवलेही नाही.

एक मात्र माझ्याकडून चुकले आणि ते आजही टोचते. छळणाऱ्या बाईची तक्रार आली की आम्ही तिची दुसऱ्या वॉर्डात बदली करायचो. म्हणजे रोग एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवायचो. आणि जिला त्रास झाला तिला समुपदेशन!

वकीलबुवा_नाशिक
कायद्याची बाजू मांडतो. निराश व्हाल, पण शेवटपर्यंत वाचा.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ असेल तर २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती सक्तीची. पण पर्स, ओव्हर, नाईट हे त्यात बसत नाही. २०१० चा महाराष्ट्राचा वैद्यकीय सेवा व्यक्तींवरील हिंसाचाराचा कायदा झाला तो नातेवाईकांचे हल्ले डोळ्यांसमोर ठेवून, रोजच्या टोमण्यांना तो पुरा पडत नाही. जातीवरून अपमान असेल तर अ‍ॅट्रॉसिटी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खाजगी रुग्णालयांतल्या नर्सच्या परिस्थितीवर समिती नेमायला सांगितलं. त्या समितीने पगाराचे टप्पे दिले, ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही किमान २०,००० रुपये, २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी पगाराइतका. रजा, कामाचे तास, राहण्याची सोय यांवरही बोलली. नर्सनेच नर्सला दिलेला त्रास हा तिचा विषय नव्हता. जागतिक कामगार संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार कामावरच्या हिंसा आणि छळाबद्दल थेट बोलतो, पण भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

आता गंमत बघा. आपल्या राज्यात १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे. नर्सिंग कॉलेजात हीच मुलगी शिकत असताना सीनियरने हेच केलं असतं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. निकाल लागला, नोकरी लागली, त्याच इमारतीत जिना चढून वॉर्डात आली की कायदा जिन्यातच थांबतो.

पण त्या कायद्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, आणि त्याने दुर्लक्ष केलं तर त्याने रॅगिंगला मदत केली असं धरलं जातं. पॉलिसीत तेच लिहा. तारखेसकट मुदत, आणि मुदत चुकली तर जबाबदारी छळणारीची नाही, इनचार्जची आणि मेट्रनची. मॅनेजमेंट हे कलम काढायला बघेल. तेवढं एक सोडू नका.

शिवाय २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायला हवी, ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आली. तुमच्याकडे ती कागदावर असणारच. तिच्यात कोण आहे ते विचारा.

रातपाळी
विचारलं. पाच जण आहेत. एक मागच्या वर्षी निवृत्त झाले. एक क्ष.

वकीलबुवा_नाशिक
:)

एचआरवाला
मी रुग्णालयांच्याच एचआरमध्ये आहे. एनएबीएचचं (रुग्णालयांना मानांकन देणारी संस्था) इन्स्पेक्शन आलं की तक्रार निवारणाची फाईल आम्ही फडक्याने पुसून टेबलावर ठेवतो, हे जाहीर कबूल करतो. तक्रारपेटीत गेल्या वर्षी दोन चिठ्ठ्या आल्या आणि दोन्ही कँटीनच्या डाळीबद्दल होत्या. याचा अर्थ आमच्याकडे छळ नाही असा मी तरी लावत नाही.

सातही जणी घरगुती कारण लिहितात, कारण अनुभवाचं पत्र तुमच्याच हातात असतं. कुठे कुठे मूळ प्रमाणपत्रंसुद्धा अडकवून ठेवलेली असतात. जिची डिग्री कपाटात तिने खरं कारण का लिहावं? मी एक करून बघितलं. राजीनाम्याचं कारण बघणं सोडलं, आणि पहिल्या वर्षात कोण कुठल्या वॉर्डातून गेलं एवढंच मोजलं. सगळे वॉर्ड सारखेच कमी माणसांचे, पगार सारखाच, आणि गळती मात्र दोनच ठिकाणी. मग कारण वाचायची गरज पडत नाही. आणि हो, बाहेर पडतानाचा फॉर्म आम्ही अनुभवाचं पत्र हातात दिल्यानंतर भरून घेतो. आधी नाही.

शिस्तप्रिय
सगळं ठीक आहे. पण ४० पेशंटला दोन सिस्टर असतील तर त्या एकमेकींवर नाही तर कुणावर चिडणार? तुम्ही बायकांना व्हिलन करताय आणि मॅनेजमेंट सुटतंय.

निवृत्त_अधिसेविका
शिस्तप्रिय, इथे मात्र मी तुमच्या बाजूची. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका. मी आयुष्यात एकदाही ते पाहिले नाही. रात्री साठ रुग्ण, त्यातले वीस जमिनीवर, दोन मुली. मे २०२२ मध्ये राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या तो बाह्यस्रोताने भरती नको म्हणून. माणूस कमी असला की राग खाली खाली झिरपत जातो. डॉक्टर सिस्टरवर, सिस्टर नवीवर, नवी मावशीवर. मावशी घरी जाऊन कुणावर काढत असेल देव जाणे.

तरीही तितक्याच कमी माणसांच्या दोन वॉर्डांत फरक असतो. एचआरवाल्यांनी वर लिहिलेच आहे.

जिजी_पिंपरी
एक नाजूक विषय काढू का? आमच्या वॉर्डात मल्याळी सिस्टरांचा गट आहे. ओव्हर मल्याळममध्ये चालते. आम्ही दोघी मराठी मुली भिंतीकडे बघत उभ्या.

आलप्पुळा_ते_आकुर्डी
मी मल्याळी, जन्म पिंपरीतला, मराठी शाळेत शिकले, म्हणून इथे लिहू शकतेय. ओव्हर मल्याळममध्ये देणं चूकच, पेशंटच्या दृष्टीनेसुद्धा. पण दुसरी बाजू ऐका. माझी आई ८० च्या दशकात इथे आली तेव्हा तिला कुणी नावाने हाक मारली नाही, सगळ्या केरळच्या मुलींना एकच नाव, 'अम्मा'. तिचं मराठी ऐकून हसायचे. त्या मग एकमेकींना धरून राहिल्या. आज आमच्या गटाचा त्रास होत असेल तर तो गट का तयार झाला तेही कुणीतरी लिहा. पॉलिसीत मात्र साधं वाक्य टाका, ओव्हर सगळ्यांना कळेल त्या भाषेत. त्याला कुणी नाही म्हणणार नाही.

जिजी_पिंपरी
'अम्मा' वाली गोष्ट माहीत नव्हती. आमच्याकडे अजूनही म्हणतात.

लीड्सची_वैशाली
मी दहा वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इथे पॉलिसींची कमी नाही, एकेक चाळीस पानांची. कर्मचाऱ्यांना न घाबरता बोलता यावं यावरच्या २०१५ च्या फ्रान्सिस अहवालानंतर प्रत्येक ट्रस्टमध्ये (सरकारी रुग्णालयं चालवणारी संस्था) 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन' नेमतात, लाइन मॅनेजरला वगळून थेट त्यांच्याकडे जाता येतं. कागदावर छान. आमच्याकडे भारतातून, फिलिपिन्समधून आलेल्या मुली जात नाहीत, व्हिसा ट्रस्टच्या हातात असतो. एचआरवाले म्हणाले ना, डिग्री कपाटात. इथे डिग्रीच्या जागी व्हिसा.

एक गोष्ट मात्र घेण्यासारखी. दर वर्षी सगळ्या स्टाफला जी प्रश्नावली येते तिच्यात मॅनेजरकडून त्रास आणि सहकाऱ्यांकडून त्रास हे दोन वेगळे प्रश्न असतात. एकत्र विचारलं की सगळं धूसर होतं.

दक्षिण कोरियाचं कुणी वाचलंय का? तिथे जुन्या नर्स नव्यांना जो त्रास देतात त्याला स्वतंत्र शब्द आहे, 'तेउम', म्हणजे जाळणं, राख होईपर्यंत. २०१८ च्या फेब्रुवारीत सोलमधल्या एका तरुण नर्सने जीव दिला तेव्हा तो शब्द देशभर झाला. १६ जुलै २०१९ पासून तिथे कामावरच्या छळाविरुद्ध कायदा लागू आहे. तक्रार आली की मालकाला चौकशी करावीच लागते, आणि तक्रार करणारीवर सूड उगवला तर तुरुंग, तीन वर्षांपर्यंत. शिक्षा छळापेक्षा सुडाला ठेवलीय, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पाठ्यनिर्देशिका
मी नर्सिंग शाळेत शिकवते. २००४ मध्ये बॉस्टनमधल्या ग्रिफिन नावाच्या नर्स-शिक्षिकेने २६ नव्या नर्सवर एक प्रयोग केला होता. ओळखपत्राच्या मागे छोटं कार्ड, त्यावर कुणी डोळे फिरवले, टोमणा मारला, माहिती दडवली तर काय बोलायचं ती वाक्यं तयार. ती तोंडात बसेपर्यंत पाठ करायची. ऐन वेळी जीभ अडखळते म्हणून.

मी उत्साहाने त्यांचं भाषांतर करून मुलींना दिलं. "आपल्या चेहऱ्यावरील भावांवरून आपणास काही सांगावयाचे आहे असे दिसते." वर्ग पाच मिनिटं हसत होता. एक म्हणाली, "मॅडम, हे बोलले तर सिस्टर मला मानसोपचार वॉर्डात पाठवतील."

मग आम्ही सगळ्यांनी मिळून आपल्या बोलीत केली. डोळे फिरवले तर: "सिस्टर, काही चुकलं का? आत्ताच सांगा, पुढच्या पेशंटला चुकायला नको." पाठीमागे कुणाबद्दल सुरू झालं तर: "ती आली की तिच्यासमोरच बोलू ना." सगळ्यांसमोर उतरवलं तर: "मला बाजूला घेऊन सांगा सिस्टर, इथे पेशंट ऐकतायत." हे तिसरं चालतं, कारण त्यात 'मी दुखावले' असं नाही, 'पेशंट ऐकतायत' आहे. आपल्याकडे ज्युनियरला स्वतःसाठी बोलता येत नाही, पेशंटसाठी बोलता येतं.

पण खरं सांगू? बोलायचं ओझं पुन्हा नवीच्याच डोक्यावर. त्या राऊंडमध्ये इनचार्जनेच हे तिसरं वाक्य बोलायला हवं होतं. रातपाळी, तुला लागेल असं लिहिलंय, क्षमस्व.

रातपाळी
लागलं. बरोबर आहे.

वकीलबुवा_नाशिक
मसुदा झाला की इथे टाका. नाव-गाव काढून.

रातपाळी
(तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. मसुदा दोन पानांचा झाला. त्यात सन्मान हा शब्द कुठेच नाही. नाईटची बेरीज भिंतीवर. ओव्हर पलंगाशी, सगळ्यांना कळेल त्या भाषेत. वॉर्डाच्या ग्रुपवर कुणाच्याही नोट्सचा, चुकीचा फोटो नाही. औषधाबद्दल शंका विचारणारीला उत्तर मिळेपर्यंत औषध द्यायचं नाही आणि त्यावरून तिला कुणी काही बोललं तर ती घटना औषधाच्या चुकीसारखीच फॉर्म भरून नोंदवायची. तक्रार इनचार्जबद्दल असेल तर थेट मेट्रनकडे, मेट्रनबद्दल असेल तर वैद्यकीय अधीक्षकांकडे. सात दिवस. तक्रारीनंतर सहा महिने तिची ड्यूटी, वॉर्ड, अप्रेझल बदलायचं असेल तर लेखी कारण. बाहेर पडतानाचा फॉर्म अनुभवाचं पत्र दिल्यावर.

मॅनेजमेंटने दोन गोष्टी काढल्या. मुदत चुकल्याची जबाबदारी (वकीलबुवा, तुम्ही म्हणालात तसंच झालं), आणि स्टाफची संख्या. त्यावर "स्वतंत्रपणे विचार करू" असा शेरा आहे. मेट्रन मॅडमनी पहिली गोष्ट पेनने परत लिहिली आणि पुन्हा वर पाठवली. बघू.

क्षशी मी बोलले. लिस्ट आता मीच लावेन म्हटलं. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "तू इनचार्ज झालीस त्या दिवशी मला कुणी विचारलं सुद्धा नाही. लिस्ट दिलीस तेव्हा वाटलं, निदान एवढं तरी." तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे, नाईट नको असण्याचं ते एक खरं कारण होतं, तिने ते मला कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. म्हणून ६१ माफ होत नाहीत, हे मी तिला सांगितलं. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी फक्त पेशंटपुरतं बोलली. या महिन्यात तिच्या सहा नाईट आहेत, मागून घेतलेल्या आठवड्यात.

निवृत्त_अधिसेविका
चार दिवस काहीच नाही. माझ्याशी एक बाई दोन वर्षे बोलली नव्हती. आणि ती लिननवाली मुलगी?

रातपाळी
ती गेली मॅडम. परवा शेवटचा दिवस होता. पुण्यात दुसरीकडे लागली, पगार थोडा जास्त आहे. शेवटचे आठ-दहा दिवस पॅन्ट्रीत जेवली, पण दाराजवळच्या खुर्चीवर, डबा मांडीवर घेऊन.

अनुभवाचं पत्र दिलं आणि मग फॉर्म दिला. अर्धा तास लिहीत होती. घरगुती कारण नाही लिहिलं. पाऊण पान आहे. पर्स, दिवाळीच्या नाईट, ग्रुपवरचा फोटो, सगळं तारखांसकट. राऊंडचा परिच्छेद वेगळा आहे. बोललं कोण ते एका ओळीत, आणि हसलं कोण त्यांची नावं खाली. पहिलं माझं आहे.

एचआरवाला
फॉर्म कुठे आहे आता?

रातपाळी
मेट्रन मॅडमच्या टेबलावर. मीच नेऊन ठेवला. उद्या अकराला बोलावलंय, क्षलाही आणि मलाही.